मुठीपाशी न मोडणारी पुठ्ठ्याची तलवार, आणि सोबत ढाल नि गदा

पुठ्ठ्याची तलवार टोकाला क्वचितच मोडते. ती मोडते परजेच्या, म्हणजे मुठीवरच्या आडव्या पट्टीच्या, आसपास, जिथे रुंद पातं संपून अरुंद मूठ सुरू होते. फिरवताना सगळा झोक तिथेच येतो, आणि बहुतेक जण पातं वेगळं, मूठ वेगळी कापून नेमक्या त्याच जागी चिकटपट्टी गुंडाळतात. वरून कितीही चंदेरी रंग द्या, दुसऱ्या वाराला पातं मान टाकतं. त्यामुळे आधी कण्याचा विचार करायचा आणि रंगाचा सगळ्यात शेवटी. टोकाजवळून निघून थेट मुठीच्या बुडापर्यंत जाणारा एकसंध कणा असेल तर साधी तलवारही दोन-तीन वर्षं सहज टिकते.

नाशिकमध्ये या शस्त्रांची गरज ठरावीक वेळी पडते. दसऱ्याच्या आधी रामलीला, डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं, १९ फेब्रुवारीला शिवजयंतीची मिरवणूक. पहिल्या वेळी हवेत परतीच्या पावसाचा ओलावा असतो, पुढच्या दोन्ही वेळी हवा कोरडी आणि रात्री गार. चिकटवलेल्या पुठ्ठ्याला हा फरक फार जाणवतो. दसऱ्यासाठी करत असाल तर खाली दिलेल्या वाळण्याच्या वेळा दुप्पट धरा.

सामान

पुठ्ठा विकत घ्यायची गरज नाही, पण कुठलाही खोका चालत नाही. पुठ्ठ्याच्या दोन कागदांमध्ये जी नागमोडी पन्हळ असते ती पात्याच्या लांबीच्या दिशेने धावली पाहिजे. आडवी असेल तर पातं त्या रेघेवर घडी पडल्यासारखं दुमडतं. नेहमीच्या खोक्याच्या भिंतीत पन्हळ उभी, म्हणजे उंचीच्या दिशेने असते. त्यामुळे ७५ सेंटीमीटरची तलवार हवी तर तेवढा उंच खोका शोधावा लागतो: फ्रिज, वॉशिंग मशीन किंवा मोठ्या टीव्हीचा. मेन रोड, शालिमारकडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत किंवा जवळच्या रद्दीवाल्याकडे विचारा. हंगामात घरोघरी पडलेली द्राक्षांची खोकी इथे उपयोगाची नाहीत. त्यांच्या भिंती वीतभरही उंच नसतात आणि वर हवेसाठी भोकं पाडलेली असतात. त्यांचे तळ मात्र ढालीला, परशूच्या फाळाला, बाणाच्या पिसांना उत्तम.

तलवारीला तीन प्लायचा, म्हणजे एका पन्हळीचा, साधारण ३ मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा घ्या. पाच प्लायचा जाड पुठ्ठा मजबूत असतो, पण त्याची कड जाडजूड दिसते आणि वळणावर नीट कापली जात नाही.

फोममध्ये गोंधळ जास्त होतो, कारण दुकानात सगळ्यालाच फोम म्हणतात. आपल्याला हवा तो ईव्हीए: लहान मुलांच्या खोलीत एकमेकांत अडकवून घालतात त्या चटया, १० ते १२ मिलिमीटर जाडीच्या, आणि स्टेशनरीत मिळणाऱ्या २ मिलिमीटरच्या रंगीत फोमशीट. चपलांचं कच्चं सामान विकणाऱ्यांकडे याचेच मोठे तक्ते मिळतात. पॅकिंगमधला पांढरा, हलका, बुडबुडे दिसणारा फोम वेगळा. नखाने दाबलं की त्यावर पांढरी रेघ कायम राहते आणि रंग पापुद्र्यासारखा सुटतो, म्हणून तो फक्त आतल्या भरावाला वापरा. गादीचा स्पंज मऊ असल्याने सरळ कापला जात नाही. थर्माकोल नकोच. राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ पासून बंदी आहे, आणि स्प्रे पेंट किंवा रबरी गोंद लागला की तो विरघळून खड्डे पडतात.

कण्यासाठी बांबूच्या कामट्या बुरुडाकडून घ्या, १५ मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड. पतंगाच्या कामट्या फार बारीक पडतात. बाकी सामान: फेव्हिकॉल, फेविबॉन्डसारखा रबरी गोंद, मोठं कटर आणि जास्तीची पाती, स्टीलची पट्टी, पॉलिश पेपर, वर्तमानपत्र, सुती नाडी. कटरचं बोथट टोक मोडून नवं काढण्यात कंजूषपणा करू नका. ईव्हीए पात्याची धार लवकर खातो, आणि बोथट पात्याने फोम कापला जात नाही, फाटतो. मग ती फाटकी कड रंगाखालीही लपत नाही.

माप

हात खाली सोडून तलवार धरली तर टोक जमिनीला लागू नये. पहिली-दुसरीच्या मुलाला एकूण ६० सेंटीमीटर, पाचवी-सहावीच्या मुलाला ७५, मोठ्या माणसाला ९० ते ९५. पकडीची लांबी लहानांना ८, मोठ्यांना १०. पालक हौसेने मोठी तलवार करतात आणि मुलगा रंगमंचावर ती फरपटत नेतो, हे दर वर्षी कुठल्या ना कुठल्या संमेलनात दिसतं.

पहिली तलवार सरळ पात्याची करा. मराठ्यांची धोप ही तलवार सरळच होती, तेव्हा महाराजांच्या वेशालाही ती शोभते. बाकदार तलवारीत अडचण कामटीची आहे: बाक पात्याच्या रुंदीच्या दिशेला असतो आणि १५ मिलिमीटर रुंद कामटी त्या दिशेला वाकतच नाही. बाक हवाच असेल तर ५ मिलिमीटर चौरस छेदाच्या दोन बारीक काड्या शेजारी-शेजारी बसवा.

धोप, ७५ सेंटीमीटर

पातं ६०, मुठीचा भाग १५. तीन थर कापायचे, तिन्हींत पन्हळ लांबीच्या दिशेने.

मधला थर परजेपाशी ५ सेंटीमीटर रुंद, टोकाच्या ८ सेंटीमीटर आधी ४ सेंटीमीटर, आणि तिथून गोलाई देत टोक. टोक अणकुचीदार नको, एक रुपयाच्या नाण्याइतकं तरी बोथट ठेवा. परजेखाली हाच थर अडीच सेंटीमीटर रुंदीने १५ सेंटीमीटर पुढे जातो. पातं जिथे अरुंद होतं तो कोपरा काटकोनात कापू नका, नाण्याची कड ठेवून गोल कापा. पुठ्ठा काटकोनी कोपऱ्यातूनच चिरायला सुरुवात करतो.

बाहेरचे दोन थर ३ सेंटीमीटर रुंद, टोकाकडे निमुळते, आणि तेही मुठीच्या बुडापर्यंत अडीच सेंटीमीटर रुंदीने अखंड. मधला थर दोन्ही बाजूंना बाहेर डोकावतो, त्यामुळे पात्याला मध्ये जाडी आणि कडेला धार असल्यासारखा आकार आपोआप येतो.

आता कणा. कामटी ६५ सेंटीमीटर लांब घ्या, कुसळं पॉलिश पेपरने घासून काढा, वरचं टोक गोल करून त्यावर कापडी चिकटपट्टीचे दोन वेढे द्या. मधल्या थरात बरोबर मध्यावर १५ मिलिमीटर रुंदीची खाच कापून कामटी तिच्यात बसवा. खालचं टोक मुठीच्या बुडाशी, वरचं पात्याच्या टोकाच्या १० सेंटीमीटर अलीकडे. ते शेवटचे १० सेंटीमीटर मुद्दाम बिनकामटीचे असतात. टोक कुणाच्या अंगाला लागलं तर ते वाकलं पाहिजे. कामटी टोकापर्यंत नेली तर पुठ्ठ्यात लपवलेली काठीच हातात दिल्यासारखं होतं.

चिकटवताना फेव्हिकॉल जुन्या कार्डाने पातळ ओढून घ्या. थापू नका. पुठ्ठा पाणी पिऊन फुगतो, आतली पन्हळ बसते आणि पात्याचा ताठपणा जातो. दोन्ही बाहेरचे थर एकाच बैठकीत लावा. एक आज, दुसरा उद्या असं केलं की ओली बाजू फुगून पातं धनुष्यासारखं वाकतं, आणि मग ते सरळ होत नाही. प्लॅस्टिकच्या कागदात ठेवून दोन सपाट फळ्यांमध्ये रात्रभर दाबा, वर चार-पाच विटा. फरशी सपाट नसेल तर पातंही सपाट होणार नाही.

सकाळी मुठीच्या भागात धरून पातं हलवून बघा. मुठीपाशी कुरकुर झाली तर थर नीट चिकटलेले नाहीत. आत्ताच गोंद घालून परत दाबा, कारण परज बसल्यावर तिथे हात पोचत नाही.

मग कडा. वर्तमानपत्राच्या अडीच सेंटीमीटर रुंद पट्ट्या, निम्मा फेव्हिकॉल निम्मं पाणी अशा मिश्रणात बुडवून, बोटांनी निथळून, कडेवरून दुमडत लावा. दोन थर पुरेत. पायऱ्या बुजतात आणि पन्हळीची उघडी तोंडंही बंद होतात. मिरवणुकीत पावसाची सर आली तर पाणी याच तोंडांतून आत शिरतं. मैद्याची खळही चालते, पण तिला झुरळं आणि उंदीर येतात. पूर्वी त्यावर उपाय म्हणून खळीत मोरचूद घालत. ते विषारी आहे, मुलांच्या हातातल्या वस्तूला नको.

परज चटईच्या फोमची. १४ सेंटीमीटर लांब, अडीच रुंद, टोकं गोल, असे दोन तुकडे एकमेकांवर चिकटवा. मध्ये २४ बाय ८ मिलिमीटरची चीर पाडा. मुठीचा भाग २५ बाय ९ आहे, म्हणजे चीर हेतुपुरस्सर किंचित लहान. खालून सरकवत पात्याच्या खांद्यापर्यंत आणा, ती घट्ट बसते. सैल चीर गोंदाने भरून काढायचा प्रयत्न टिकत नाही, दुसरी परज कापणं सोपं.

फोमला फेविबॉन्ड लावताना दोन्ही पृष्ठभागांवर पातळ थर द्या आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. बोट लावल्यावर चिकटेल पण बोटाला गोंद येणार नाही, तेव्हाच दाबा. ओल्यात दाबलं तर आतला द्रावक अडकतो आणि दुसऱ्या दिवशी जोड सोललेल्या सालीसारखा सुटतो. एकदा टेकलं की सरकवता येत नाही, म्हणून पेन्सिलीच्या खुणा आधी करून ठेवा. काम गच्चीवर किंवा खिडकीशी. वाफ पेट घेते, त्यामुळे शेजारी गॅस, समई, उदबत्ती काही नको. लहान मुलांना या टप्प्यावर दूरच ठेवा.

पकडीला दोन्ही बाजूंनी दोन सेंटीमीटर रुंद पुठ्ठ्याची एकेक पट्टी लावून गोलाई आणा, वर २ मिलिमीटरचा फोम, आणि त्यावर सुती नाडी एकाला एक लागून गुंडाळा. पाचवीच्या मुलाला घेर ९ सेंटीमीटरपर्यंत, मोठ्यांना ११. सुतळी दिसायला छान, पण घामट तळहाताला टोचते. बुडाला ६ सेंटीमीटर व्यासाची फोमची चकती, म्हणजे गादी, तशीच लहान चीर पाडून बसवा आणि तिच्याखाली फोमचं छोटं बोंड.

परजेपासून गादीपर्यंत बोटांवरून जाणारी कमान करायची तर दोन सेंटीमीटर रुंद फोमचे दोन थर चिकटवून वापरा. ताठपणासाठी तार घालू नका. पडल्यावर ती फोममधून बाहेर येते.

ढाल

मोठ्यांना ४५ सेंटीमीटर व्यास, मुलांना ३० ते ३५. सपाट चकतीला ढाल म्हणणं जरा धाडसाचंच, तिला फुगवटा हवा. ४५ सेंटीमीटरची चकती टेबलाच्या कडेवरून वेगवेगळ्या दिशांना ओढून आधी नरम करा. मग कडेपासून आत चार चिरा द्या, मध्यापासून ५ सेंटीमीटर अलीकडे थांबा. प्रत्येक चिरेची कड शेजारच्या भागावर दीड सेंटीमीटर चढवून चिकटवा. चारही मिळून मध्यभाग सहा-साडेसहा सेंटीमीटर उचलला जातो. एकाच चिरेत सगळे सहा सेंटीमीटर चढवले तर उंची तेवढीच येते, पण ढालीऐवजी टोपलीचं झाकण दिसतं. जोडांवर आतून-बाहेरून कागदाच्या पट्ट्या लावा.

खऱ्या ढालीवर चार फुलं असतात, आणि ती नुसती शोभेची नाहीत. मागच्या मुठीच्या कड्या तिथे जडवलेल्या असतात. आपणही तेच करायचं. नवारीची अडीच सेंटीमीटर रुंद पट्टी फुलाच्या जागी पाडलेल्या चिरेतून पुढे काढा, पुढे दुमडून ६ बाय ६ सेंटीमीटरच्या पुठ्ठ्याच्या तुकड्याने दाबून चिकटवा, आणि त्यावर फूल बसवा. फुलासाठी मोठ्या बाटलीचं झाकण, वर फोमशीट. नुसती पट्टी आतून चिकटवली तर पहिल्या वाराला पुठ्ठ्याचा वरचा कागद घेऊन सुटते. मागे, हात टेकतो तिथे स्पंजचा तुकडा लावा.

गदा

हनुमानाचं जन्मस्थान मानला जाणारा अंजनेरीचा डोंगर शेजारी असताना नाशिकच्या रामलीलेत हनुमानाच्या गदेवर प्रेक्षकांची नजर जास्तच असणार. फुग्यावर कागद चिकटवून केलेली गदा स्वस्त पडते, पण रात्रीच्या गारठ्यात फुगा आकसतो आणि ओल्या कागदाला सुरकुत्या पडतात; उन्हात ठेवला तर फुगून फुटतो. शिवाय ती आपटली की चेपते. फोमच्या पाकळ्यांची गदा पोकळ, मऊ आणि टिकाऊ.

२० सेंटीमीटर व्यासाच्या गोळ्याला आठ पाकळ्या लागतात, प्रत्येकी ३१.५ सेंटीमीटर लांब. रुंदी मध्यावर ७.८, मध्यापासून ५.२ सेंटीमीटरवर ६.८, ७.८ सेंटीमीटरवर ५.५, साडेदहावर ३.९, आणि टोकाला शून्य. हे बिंदू जाड कागदावर दोन्ही बाजूंना मांडून गुळगुळीत वळणाने जोडा, साचा तयार. चटईच्या फोमवर आठदा आखा. कटर साधारण वीस अंश कलवून कापा, आतली बाजू जराशी अरुंद येऊ द्या. सरळ कापलं तर बाहेरून जोडात फट दिसते. दोन-दोन पाकळ्या टोकाकडून मध्याकडे जोडत जा, मग चारच्या दोन वाट्या करा. दांडा बसवल्याशिवाय गोळा बंद करू नका.

दांड्याला २५ मिलिमीटरचा हलका वायरिंगचा पाइप घ्या, लांबी मुलांना ५०, मोठ्यांना ७० सेंटीमीटर. तो गोळ्याच्या आरपार वरच्या कळसापर्यंत जायला हवा. नुसता खालच्या भोकात खोचला तर गदा खांद्यावर टाकताना गोळा मागे लोंबतो. पाइपची दोन्ही तोंडं फोमच्या बुचाने बंद करून त्यावर फोमचीच टोपी चढवा. गोळ्यात काहीही भरू नका. डोकं जड झालं की फिरवताना गदा हातातून निसटते, आणि ती पहिल्या रांगेत जाते.

भाल्याला हीच रीत: फाळ फोमचा, कामटी फाळात अर्धीच. धनुष्य दिसण्यापुरतं, दोरी ढिल्या इलास्टिकची, आणि बाण सुटणारा नकोच.

रंग

ईव्हीए फोमला बारीक छिद्रं असतात, रंग थेट लावला तर शोषला जाऊन डाग पडतात. हीट गन असेल तर एका जागी दोन-तीन सेकंद फिरवा, पृष्ठभागावर हलकी चकाकी आली की पुढे सरका. जास्त थांबलात तर फोम आक्रसून वाकडा होतो. हीट गन नसेल तर निम्म्या पाण्यातल्या फेव्हिकॉलचे तीन-चार हात, प्रत्येक पूर्ण वाळू देऊन.

पुठ्ठा असो की फोम, आधी काळा ॲक्रिलिक रंग. चंदेरी रंग पातळ असतो, तपकिरी पुठ्ठ्यावर तो मळकट राखाडी दिसतो, काळ्यावर धातूसारखा उठतो. ब्रश चंदेरीत बुडवून कापडाला जवळजवळ कोरडा पुसा आणि उंचवट्यांवरून हलकेच फिरवा. खोलगट भाग काळेच राहू द्या. पोस्टर कलरचा चंदेरी मात्र टाळा. घामाने तो निघतो आणि पांढऱ्या अंगरख्यावर उमटतो.

स्वयंपाकघरातली फॉइल सगळ्यांना सुचते. ती सुरकुतते, फाटते, आणि कालिदास कलामंदिरासारख्या मोठ्या रंगमंचाच्या दिव्यांत डोळ्यांवर चमकते. आरशासारखं पातं हवंच असेल तर गाड्यांवर अक्षरं चिकटवणाऱ्या रेडियमवाल्याकडून चंदेरी व्हिनाइल घ्या. रंगमंचासाठी बारीक नक्षीत वेळ घालवू नका. सातव्या रांगेतून दिसते ती पात्याच्या मध्यातली एक जाड काळी रेघ आणि परजेचा सोनेरी रंग.

हातात देण्याआधी वीस वेळा जोरात फिरवून बघा. पाचवीच्या मुलाची तलवार २५० ग्रॅमच्या आत असावी. जास्त असेल तर दहा मिनिटांत मनगट दुखतं. दोन मुलांची लढाई दाखवायची असेल तर पुठ्ठ्याची पाती एकमेकांवर आपटू देऊ नका, त्या प्रसंगासाठी कामटीच्या दोन्ही बाजूंना चटईचा फोम लावलेली वेगळी जोडी करा. वार खांद्याखालीच, तोंडाकडे नाही, हे तालमीतच बसवा. मिरवणुकीसाठी पात्यावर पारदर्शक वार्निशचा एक हात द्या. गरम गोंदाच्या गनने लावलेली नक्षी असेल तर शस्त्रं एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत ठेवू नका, तो गोंद मऊ होऊन सगळं सरकतं. घरी ठेवताना आडवी, कपाटावर. भिंतीला टेकवून ठेवलेलं पातं महिन्याभरात बाक घेतं.

ऐन प्रयोगाच्या दिवशी पातं दुमडलंच, तर चिकटपट्टी गुंडाळत बसू नका. घडीच्या दोन्ही बाजूंना किमान १२ सेंटीमीटर पुरेल एवढी कामटी, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या अंगाला ठेवून, कापडी चिकटपट्टीने तीन ठिकाणी बांधा. वरून त्याच चंदेरी व्हिनाइलचा तुकडा. विंगेत हे सगळं एका डब्यात तयार असू द्या, सोबत एक जास्तीची गादीही. धक्काबुक्कीत आधी तीच पडते.